थोरल्या पातीची वकील

“छप्पन साली पयला नारळ कुनी फोडला?”

आबांनी न्हाणीच्या दाराबाहेरून विचारलं. मी डोक्याला शिकेकाई चोळून, डोळे गच्च मिटून बसले होते.

“धाकट्या पातीनं.”

“का?”

“आपल्या घरी सुतक होतं म्हणून.”

“सुतकापुरता दिला का कायमचा?”

“सुतकापुरता.”

“पुरावा?”

“गुरवाची साक्ष. आबा, डोळ्यांत चाललीय शिकेकाई.”

“सायेब इचारतील तवा शिकेकाई बगनार न्हाईत,” आबा म्हणाले आणि त्यांची काठी ओसरीकडे वाजत गेली.

आबा माझे आजोबा. ते स्वतः गावचं बोलायचे, पण मी मात्र त्यांच्याशी कोर्टात बोलायचं तसंच बोलायचं, असा दंडक होता. आठवीपासून. अंघोळीलासुद्धा सूट नव्हती.

त्या दिवशी तालुक्याला लोकअदालत होती आणि आमची केस तिच्यात ठेवलेली होती. माझा दहावीचा निकाल त्याच आठवड्यात लागला होता. सोमवारी ज्युनियर कॉलेजात ॲडमिशन. मी सोळाव्यात होते आणि आबांच्या हिशेबाने माझी वकिलीची तयारी निम्मी झाली होती.

आमची केस समजायला सोपी आणि सुटायला अवघड. कुसवडीच्या भैरोबाची चैत्रात जत्रा भरते. पालखी निघायच्या आधी देवळाच्या उंबऱ्यावर पहिला नारळ फुटतो आणि तो फोडायचा मान फडतऱ्यांचा. फडतऱ्यांच्या पाती दोन, म्हणजे एकाच मूळपुरुषाच्या दोन मुलांची दोन घरं. मान थोरल्या पातीचा, म्हणजे आमचा. छप्पन साली ऐन जत्रेच्या तोंडावर आमच्या घरी मरण झालं. सुतकात देवाचं काही करता येत नाही, म्हणून त्या वर्षी नारळ धाकट्या पातीने फोडला. पुढच्या वर्षी आमच्यांनी मान मागितला, तर ते म्हणाले, दिलेला मान कुणी परत मागतं का? दावा पडला. तेव्हापासून कोर्टाच्या हुकुमाने पहिला नारळ गुरव फोडायचा आणि शेजारी पोलीस उभा असायचा. दोन्ही घरांतले कर्ते पुरुष मांडवाच्या दोन टोकांना उभे राहून गुरवाच्या हाताकडे टक लावून बघायचे. केस खाली हरली, वर जिंकली, आणखी वर गेली आणि फिरून खालच्याच कोर्टात येऊन बसली. माझा जन्म झाला तेव्हा ती माझ्या वडिलांपेक्षा वयाने मोठी होती.

मी आठवीत गेले त्या वर्षी धाकट्या पातीच्या महादूआप्पांनी त्यांच्या रणधीरला कोल्हापूरला लॉला घातलं. ती बातमी आली त्या संध्याकाळी आबा जेवले नाहीत. सकाळी उठून म्हणाले, “त्यांनी वकील घरात तयार कराय घेतला. आपुन कुटवर भाड्याचा बैल जुपायचा?”

त्यांनी आधी दादांकडे, म्हणजे माझ्या वडिलांकडे बघितलं. दादा साखर कारखान्यावर वजनकाट्याला होते आणि आबांसमोर त्यांच्या तोंडातून ‘व्हय’ सोडून शब्द निघत नसे. मग माझ्या भावाकडे बघितलं. तो पाच वर्षांचा, शेंबूड पुसायचा त्याला कंटाळा. राहिले मी. चौथीत असताना मी पंधरा ऑगस्टला भाषण केलं होतं, मधलं सगळं विसरले होते आणि तरी थांबले नव्हते. तेवढं आबांना पुरलं.

मग माझी तयारी सुरू झाली. पहाटे उठून केसचा इतिहास घडाघडा म्हणायचा. रविवारी आमच्या शेंडे वकिलांच्या ऑफिसात जाऊन बसायचं. शेंडे भला माणूस. मला पेपरमिंट द्यायचे, एखादी जुनी साक्ष पुढ्यात टाकायचे आणि म्हणायचे, “वाच, आणि हा कुठं खोटं बोललाय ते सांग.” मला ते सापडायचं. दरवेळी सापडायचं, आणि सापडलं की माझाच मला राग यायचा. तारखेच्या दिवशी शाळा बुडवून आबांबरोबर एस.टी.ने तालुक्याला. शाळेतल्या मुली मला ‘वकीलबाई’ म्हणायच्या. घरी मी दुसऱ्यांदा वाढून घेतलं तरी आबा हसून म्हणायचे, “भूक हाय याला पुरावा?” आणि सगळ्यांनी हसायचं. मीही हसत असे. जाते कुठे?

मला गुरांची डॉक्टर व्हायचं होतं. नववीच्या हिवाळ्यात आमची शेळी अडली. गुरांचे डॉक्टर मोटारसायकलवरून आले, त्यांनी बाह्या सारल्या आणि म्हणाले, “माझा हात मोठा पडतोय. पोरी, तुझा बारीक आहे. साबण लाव आणि घाल.” मी घातला. आत उबदार अंधारात करडाचा दुमडलेला पाय माझ्या बोटांना लागला. डॉक्टर सांगत गेले तसा मी तो सरळ केला आणि थोड्या वेळाने करडू बाहेर येऊन शिंकलं. तेव्हा मला कुणी पुरावा मागितला नाही. इतकं बरं मला त्याआधी कधी वाटलं नव्हतं.

गुरांच्या डॉक्टरला सायन्स लागतं. वकिलीला आबांच्या मते आर्ट्स. निकाल लागला त्या संध्याकाळी आई चुलीपुढे भाकरी थापत होती तेव्हा मी तिला हे सगळं सांगितलं. तिने भाकरी उलटली, फुगू दिली आणि मग बोलली.

“केस हाय तवर तुजी सुटका न्हाय, संयू. मामंजी ऐकायचे न्हाईत. पर केस मिटली तर मग कशाला पायजे वकील? तवा मी बोलते त्यांच्याशी.”

“नक्की?”

“ह्यो इस्तू समोर हाय. त्याच्यापुढं खोटं बोलीन व्हय?”

आई आबांसमोर डोक्यावरचा पदर कधी ढळू देत नसे. ती बोलीन म्हणाली, म्हणजे तिने केवढं कबूल केलं ते मला कळत होतं. म्हणून त्या शनिवारी मी एस.टी.त बसले ती भैरोबाला एकच मागणं घालत. देवा, तुझा नारळ कुणीही फोडो, पण ही केस मिटव.

कोर्टाच्या मोठ्या खोलीत बाकडी सरकवून टेबलं मांडली होती. आमच्या टेबलामागे एक न्यायाधीश बाई, एक निवृत्त हेडमास्तर आणि एक वयस्कर वकील. समोर एका बाजूला आबा, शेंडे वकील आणि मी, दुसऱ्या बाजूला महादूआप्पा आणि रणधीर. रणधीरने पांढरा शर्ट, काळी पँट घातली होती, जणू कोट तेवढा इस्त्रीला दिलाय.

बाईंनी फाईल उघडली, पहिलं पान बघितलं, मग चष्मा वर करून दोघांकडे बघितलं. “फडतरे विरुद्ध फडतरे. चव्वेचाळीस वर्षं? एका नारळासाठी?”

“नारळासाठी न्हाय, मानासाठी,” आबा आणि आप्पा एकदम म्हणाले. मग आपण एकच बोललो म्हणून दोघेही चिडले आणि दोन दिशांना बघू लागले.

बाईंनी समजावून बघितलं. एक वर्ष यांनी फोडावा, एक वर्ष त्यांनी. आबा म्हणाले, “मान वाटून घ्यायला त्यो काय हरभरा हाय?” आप्पा म्हणाले, “आमी अर्ध्या मानावर ऱ्हायला भिकारी न्हाय.” हेडमास्तरांनी एकोप्याचं महत्त्व सांगितलं. दोघांनी ते मान खाली घालून ऐकून घेतलं, शाळेत ऐकावं तसं, आणि परत तेच बोलले. बाहेर पुढच्या केसचे लोक चुळबुळ करायला लागले होते.

“ठीक आहे,” बाई दमून म्हणाल्या. “मिटणार नसेल तर पुढची तारीख घ्या.” त्यांनी फाईल मिटली आणि कारकुनाने तिची दोरी हातात घेतली.

तो दोरीला गाठ मारायला लागला तसा माझा जीव घाबरा झाला. आता पुढची तारीख, त्याच्या पुढची तारीख, सोमवारी आर्ट्स, पाच-सात वर्षांनी काळा कोट, आणि मग मी म्हातारी होईपर्यंत हीच फाईल. मी उभी राहिले.

“बाई, मी बोलू का?”

“तू कोण?”

आबांची छाती फुगली. “माजी नात. आमची हुनारी वकील. बोलू द्या सायेब.”

“ही केसमध्ये पक्षकार नाही,” रणधीर म्हणाला.

“तुम्हीही नाही,” बाई म्हणाल्या. “लोकअदालत आहे, इथं कुणीही बोलावं. बोल बाळ.”

सगळं कोर्ट माझ्याकडे बघत होतं. तीन वर्षं मी ज्याची तयारी केली होती त्यातलं एक अक्षर मला आठवेना. जे खरं होतं तेच तोंडातून बाहेर पडलं.

“मला वकील व्हायचं नाही.”

शेंडे वकील हसले. आबाही हसले. हा काहीतरी डाव असणार, अशी त्यांची समजूत झाली असावी.

“पण ही केस चालू राहिली तर मला व्हावंच लागेल. आणि मी ती जिंकले तरी नारळ माझा भाऊ फोडणार. मी तोवर दुसऱ्याच्या घरी गेलेली असेन. त्या दिवशी मला उंबऱ्याजवळसुद्धा कुणी उभं करणार नाही. मग मी कुणासाठी भांडायचं?”

बाईंनी कारकुनाला हाताने थांबवलं. “पुढं?”

पुढचं मी ठरवलेलं नव्हतं. पण थांबायचं नाही ही मला सवय लावलेली होती.

“तीन वर्षं मी हे कागद वाचतेय. प्रत्येक कागदावर लिहिलंय की छप्पन साली आमच्या घरी सुतक होतं. आम्ही लिहिलंय, त्यांनी लिहिलंय, गुरवाच्या साक्षीत आहे, निकालात आहे. यावर कुणाचाच वाद नाही. पण सुतक कुणाचं होतं ते एकाही कागदावर नाही. मेलं कोण?”

“संयोगिता,” आबा हळूच म्हणाले, “मुद्द्याला धरून बोल.”

“मुद्द्यालाच धरलंय, आबा. आपल्या घरचं कुणी गेलं असतं तर सुतक सगळ्या भावकीला आलं असतं. मग धाकट्या पातीलाही नारळ फोडता आला नसता. त्यांना सुतक नव्हतं, आपल्यालाच होतं. मी आईला विचारलं, असं कधी होतं? ती म्हणाली, लग्न झालेली लेक माहेरी येऊन मेली तर. ती दुसऱ्या घरची झालेली असते, म्हणून भावकीला काही लागत नाही. ज्या घरात मेली त्या घराला तेवढं तीन दिवस.” मी आबांकडे वळले. “तीन दिवसांचं मरण आणि चव्वेचाळीस वर्षांची केस. कोण होती ती, आबा?”

आबांनी काठी एका हातातून दुसऱ्या हातात घेतली, परत पहिल्या हातात घेतली. मला वाटलं, आता ते मला सगळ्यांसमोर एक ठेवून देतात.

“गोदी,” ते म्हणाले. “माजी बहीन. पयल्या बाळतपनाला आल्याली.”

“गोदाक्का?” महादूआप्पा म्हणाले.

ते नाव त्यांनी असं उच्चारलं की मी वळून त्यांच्याकडे बघितलं. पन्नाशीचा आडवातिडवा माणूस, ओठांवर मिशा, आणि तोंड सहा वर्षांच्या पोरासारखं झालेलं.

“मला कडंवर घिऊन फिरायची ती,” आप्पा म्हणाले. “मला तर सांगितलं हुतं ती सासरला गेली. मी कितीतर दिस वाट बगितली. मग पुढं म्हनाले, तिकडंच वारली. हितं वारली व्हय, आबा? आपल्या आळीत?”

“हितंच. लेक झाली हुती, ती बी गेली तिच्याबरुबर.” आबा टेबलाकडे बघत बोलत होते. “तिला पोचवून आलो. अंगुळ बी केली न्हवती, तर तुजा बा दारात हुबा. म्हनला, गेली ती गेली, आता नारळाचं काय करायचं? मी म्हनलो, फोड जा. त्याला कायमचा म्हनलो का तेवड्यापुरता म्हनलो, ते मला आज बी आटवत न्हाय बग महादू. देवाची आन. मला त्या येळंला काय बी सुदरत न्हवतं.”

शेंडे वकिलांनी डोळे मिटून घेतले. त्यांच्या पक्षकाराने चव्वेचाळीस वर्षांची केस भर कोर्टात एका वाक्यात हरून टाकली होती. पण ती हरलीय याकडे कुणाचं लक्षच नव्हतं. हेडमास्तर रुमाल शोधत होते. बाईंनी चष्मा काढून ठेवला होता.

मग आप्पा म्हणाले, “एक वरीस तुमी, एक वरीस आमी. पयलं तुमचं. तिच्या नावानं फोडा.”

आबांनी मान डोलावली. कारकुनाने तडजोड लिहून काढली आणि दोघांनी सह्या केल्या. सही करताना आबांचं पेन दोनदा थांबलं. मला रडू कोसळलं आणि आप्पांनी मला जवळ घेऊन थोपटलं, त्यांना वाटलं मी गोदाक्कासाठी रडतेय. मी रडत होते कारण मी सुटले होते. केस मिटली होती. आता सोमवार माझा होता.

“नाव काय तुझं?” बाईंनी विचारलं.

“संयोगिता फडतरे.”

“संयोगिता, चव्वेचाळीस वर्षांत एकाही वकिलाने, एकाही न्यायाधीशाने जे विचारलं नाही ते तू विचारलंस.” त्या आबांकडे वळल्या. “आजोबा, काही झालं तरी हिला लॉला पाठवा. हे माझं सांगणं समजा.”

“बाई, मी मघाशी म्हटलं ना, मला—”

“चांगल्या वकिलांना आधी असंच वाटतं,” त्या मायेने हसल्या. “मलाही वाटलं होतं.” मग त्यांनी पुढची फाईल ओढली आणि पट्टेवाल्याने पुढच्या लोकांची नावं पुकारली.

कोर्टाबाहेरच्या टपरीवर आप्पांनी सगळ्यांना भजी आणि चहा सांगितला. दोन्ही पाती एका बाकड्यावर बसून खातायत हे बघायला गावातली चार माणसं मुद्दाम उभी राहिली होती.

“पोरीनं कोर्ट रडवलं की वो,” आप्पा म्हणाले. “आबा, माजी शिवंवरच्या बांधाची एक केस हाय. ही वकील झाली की तिलाच देनार. ह्या रणधीरला न्हाय देनार.”

“हिला मी माझी ज्युनियर म्हणून घेतो,” रणधीर म्हणाला. केस मिटल्यामुळे असेल किंवा आत्या इथंच मेल्याचं आजच कळल्यामुळे असेल, तो एकदम नरम आला होता.

“ज्युनियर? तूच ऱ्हाशील हिच्या हाताखाली,” आबा म्हणाले आणि सगळे मोठ्याने हसले.

माझ्या जन्माआधीपासून जी दोन घरं एकमेकांच्या दारावरून जात नव्हती ती एकत्र हसत होती, आणि त्यांचं एकाच गोष्टीवर एकमत झालं होतं. मी हातातलं भजं परत कागदावर ठेवलं. आबा म्हणाले, “खा की. दमली आसशील बोलून.”

अजून आई होती. तिचा शब्द होता. एस.टी.तून उतरल्यावर मी आबांच्या पुढे पळत घरी गेले. पण बातमी माझ्याआधी पोचली होती. शेजारच्या बायका दारात जमल्या होत्या आणि आई त्यांच्या हातावर साखर ठेवत होती. मला बघून तिने माझ्या तोंडावरून हात उतरवून बोटं मोडली.

बायका गेल्यावर मी तिला आत ओढलं. “आई, मिटली केस. आता आबांशी बोल. आजच बोल. परवा ॲडमिशन आहे.”

“बोलते की,” ती म्हणाली, आणि साखरेच्या डब्याचं झाकण लावत राहिली. लागलेलं झाकण काढून तिने परत लावलं.

“कधी?”

“संयू, मी ह्या घरात येऊन अटरा वरसं झाली. ह्या घरात गोदी नावाची कुनी हुती हे मला आज कळलं. तिच्यासाठी पितरात पान न्हाय, तिचा फोटू न्हाय, कुनाच्या तोंडात नाव न्हाय. तू इचारलंस म्हनून निगालं.” तिने डबा फळीवर ठेवला. “माजं तरी कोन इचारनार हाय? माज्यासारख्या किती घरात बसल्यात. एक बाई बोलनारी असली तर कितीजनीचं निगंल.”

“तू इस्तवापुढं बोलली होतीस.”

“बोलले हुते,” आई म्हणाली. तिच्या डोळ्यांत पाणी होतं आणि चेहऱ्यावर मी कधी न पाहिलेला आनंद होता. “तवा मला म्हाईत न्हवतं, तू आशी बोलतीस.”

मला तिच्यावर ओरडता आलं असतं तर बरं झालं असतं. पण तिच्या आनंदापुढे माझा राग लटका वाटायला लागला, आणि तेच मला सहन होईना. मी गोठ्यात जाऊन बसले. आबा ओसरीवर येईल त्याला शनिवार सांगत होते, आणि दरवेळी सांगताना माझी वाक्यं आणखी लांब होत होती.

पुढे मी वकील झाले. साताऱ्याला पंधरा-सोळा वर्षं वकिली करते. बायकांची वाटपाची प्रकरणं मुख्यतः माझ्याकडे येतात, आणि मी ती बऱ्यापैकी चालवते. सत्कार-बित्कार झाला की कुणी ना कुणी लोकअदालतीचा तो शनिवार सांगतंच, टाळ्या पडतात. सोमवारचं कुणी सांगत नाही, कारण सोमवारी काही घडलंच नाही असं सगळ्यांना वाटतं.

सोमवारी ज्युनियर कॉलेजच्या खिडकीपुढे मोठी रांग होती. आबांनी धोतर-टोपी कडक घातली होती. खिडकीतला क्लार्क आमच्याच तालुक्याचा. “हीच का ती?” त्याने विचारलं आणि मागच्या टेबलावरच्या दोघांना खूण केली. तेही उठून खिडकीशी आले.

“हीच,” आबा म्हणाले.

“मार्क तर सायन्सला मिळतील एवढे आहेत की, आबा. काय घ्यायचं?”

आबा माझ्याकडे वळले. त्यांचा आवाज इतका मऊ मी कधी ऐकला नव्हता. “तिला इचारा. आता आमची केस न्हाय, का काय न्हाय. माजी जबरदस्ती न्हाय. तुज्या मनात काय आसंल ते सांग, संयोगिता.”

मला खरं वाटेना. मी आबांकडे बघितलं. ते मनापासून विचारत होते.

“मला सायन्स घ्यायचंय,” मी म्हणाले. “मला गुरांची डॉक्टर व्हायचंय.”

“का बरं?” क्लार्कने विचारलं.

मग मी सांगितलं. आमच्या भागात गुरं आहेत पण डॉक्टर एकच, आणि तो तीस गावं फिरतो. शेळी अडली तेव्हा बारीक हात कसा कामाला आला. गणितात मला किती मार्क आहेत. केस मिटल्यावर घरात वकील असण्याचं कारणच उरत नाही. मी एकेक गोष्ट नीट, क्रमाने, अडखळल्याशिवाय सांगत गेले, कारण इतकं महत्त्वाचं मला आयुष्यात काहीच सांगायचं नव्हतं. रांगेतली माणसं पुढे सरकून ऐकायला लागली.

आणि बोलता बोलता मला आबांचा चेहरा दिसला. तो उजळत चालला होता. ते माझं ऐकत नव्हते. ते रांगेतल्या लोकांकडे बघत होते, लोक ऐकतायत का ते बघत होते.

“ऐकलं का?” ते क्लार्कला म्हणाले. “हाय का हिला उत्तर कुनाकडं? कोन हरवंल सांगा हिला?”

“खरंय आबा,” क्लार्क म्हणाला. “वकीलच जन्माला आलीय.”

माझं वाक्य अर्धं राहिलं. पुढचे मुद्दे तयार होते, चांगले होते, एकाहून एक बिनतोड. त्यातला एकेक मी काढला असता आणि एकेकाने मी आणखी वकील झाले असते. रडले असते तरी लोकांनी परवाच्या रडण्याची आठवण काढली असती. मी तोंड मिटलं.

आबा थांबले. खरंच थांबले. रांग खोळंबली तरी ते माझ्याकडे बघत उभे राहिले.

“आनकी काय म्हनायचंय?” त्यांनी विचारलं. “काय आसंल ते बोल, बाळ.”

मी मान हलवून नाही म्हणाले.

“झालं तर,” आबा खिडकीकडे वळले. “तिची काय हरकत न्हाय. आर्ट्स लिवा.”

क्लार्कने एकदा माझ्याकडे बघितलं, आणि लिहिलं.